चार वर्षांचं पाणी

"काटा कुठे आहे?" मिस्त्रीने स्टुलावरून विचारलं.

"पन्नासच्या जरा पुढे."

"जरा हा आकडा कुठल्या शाळेत शिकवतात?"

"बावन्न."

"मग असं बोल की. कोळसा टाक अजून चार फावडी. आणि डावीकडे टाक, तिकडे आग मेलीय."

राख्याने भट्टीचं दार उघडलं. डावीकडे आग खरंच काळवंडली होती. मिस्त्रीला ते दिसणं शक्य नव्हतं. मिस्त्रीला आता काहीच दिसत नव्हतं, समोर धरलेला स्वतःचा हातसुद्धा नाही. पण वाफेच्या सुस्काऱ्यावरून तो भट्टीचा कुठला कोपरा थंड पडलाय ते सांगायचा आणि ते चुकायचं नाही.

मिस्त्रीला दिसत नाही, ही गोष्ट जगात दोघांनाच माहीत होती. नगरपालिकेच्या कागदावर मिस्त्री इंजिनवाला होता आणि राख्या 'राख काढणारा'. त्यावरूनच त्याला राख्या नाव पडलं होतं. मिस्त्रीच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेला तसं एकेक काम गुपचूप राख्याकडे गेलं. आधी तेल घालणं, मग झडपा, मग दाबाच्या काट्यावर नजर ठेवणं. शेवटी चार वर्षांपूर्वी एका सकाळी मिस्त्री दारातून आत आला, भिंत चाचपत स्टुलापर्यंत गेला, बसला आणि म्हणाला, "सुरू कर." तेव्हापासून नदीचं पाणी टेकडीवरच्या टाकीत चढवणारं ते इंजिन राख्याच चालवत होता. टाकीतून पाणी उतरायचं चौकातल्या नळाला आणि तिथून घराघरांत जायचं.

राख्याच्या घरात मात्र जायचं नाही. खालच्या वस्तीतल्या बायकांनी चौकातल्या नळाला हात लावायचा नाही, असा रिवाज होता. हंडा लांब ठेवून बसायचं. वरच्या आळीतल्या कुणाला दया आली तर ती तांब्याने उंचावरून ओतायची. दया उशिरा यायची. कधी कधी येतच नसे.

"अहो!"

इंजिनाच्या धडधडीवरून आलेली ती हाक ऐकून राख्याच्या हातातलं फावडं थांबलं. बायको दारात उभी होती. इतक्या वर्षांत ती इथे कधी आली नव्हती. पदर खांद्यावरून घसरलेला, डोळे लकाकणारे, छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"काय झालं? आईला बरं आहे ना?"

"आईला काय धाड भरलीय! त्याच नाचतायत तिकडे. अहो, उद्या नळ! सकाळी नऊ वाजता. आपल्या हाताने तोटी फिरवायची आणि हंडा भरायचा. मास्तर स्वतः येणारेत, चळवळीची सगळी माणसं येणारेत. मास्तरांनी विचारलं, पहिली कोण? सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. मग मीच म्हटलं, मी."

"मला विचारायचं तरी."

"सांगायला आले ना इतक्या लांब पळत!"

स्टुलावर बसलेला मिस्त्री फिसकन हसला. बायको चपापली. मग तिने पदर सावरला आणि आली तशी पळत सुटली.

राख्या दारातून बघत राहिला. मास्तर त्याला माहीत होते. दोनदा तुरुंगात जाऊन आलेला किडकिडीत माणूस. वस्तीत येऊन जमिनीवर बसायचे आणि पोरींना अक्षरं शिकवायचे. गोऱ्या सरकारला घालवायचं असेल तर आधी आपल्या घरातली ही घाण काढा, असं ते भर सभेत म्हणायचे. त्यांच्या सख्ख्या भावाने त्यापायी त्यांना घराबाहेर काढलं होतं.

"बायको तिखट आहे तुझी," मिस्त्री म्हणाला. "काटा बघ."

संध्याकाळी इंजिन थंडावत असताना अध्यक्ष आले. नगरपालिकेचे अध्यक्ष म्हणजे अंगावर पांढरीशुभ्र खादी, डोक्यावर टोपी. गेल्या वर्षी आपला विलायती कोट त्यांनी चौकात जाळला होता तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत राख्याही होता, मागे, लांब उभा. अध्यक्ष दारातच थांबले आणि मिस्त्रीशी बोलले. कोपऱ्यात राख उपसणाऱ्या माणसाकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. भिंतीसमोर बोलावं तसं त्याच्यासमोर बोलले.

"मिस्त्री, उद्या इंजिन सुरू करायचं नाही. दुरुस्ती आहे म्हणा. दुपारनंतर बघू."

"टाकी तर रात्रीतच रिकामी होईल, साहेब."

"व्हायलाच हवी." अध्यक्षांनी आवाज खाली आणला. "हे बघा, मी काही जुन्या विचारांचा माणूस नाही. पण मास्तरांना वेळकाळ कळत नाही. आत्ता आपण सगळ्यांनी एकजुटीने स्वराज्य मिळवायचं, की नळावर आपापसात डोकी फोडायची? उद्या त्या बायका येतील, तोटी फिरवतील, पाणी नाही. हसून लोक घरी जातील. कुणी कुणाला अडवलं नाही आणि भांडणही नाही. काय?"

"होय साहेब," मिस्त्री म्हणाला.

अध्यक्ष आपल्या युक्तीवर खूश होऊन गेले. त्यांच्या वहाणांचा आवाज लांब गेला.

"ऐकलंस ना?" मिस्त्रीने विचारलं.

"ऐकलं."

"हुकूम मला आहे. तू राख काढणारा, तुझ्यावर काही येत नाही. उद्या येऊ नकोस."

"मिस्त्री, उद्या माझ्या बायकोच्या हंड्यात पाणी पडलं नाही, तर ते कुणी पडू दिलं नाही?"

"अध्यक्षांनी."

"अध्यक्षांना झडप कुठे असते ते माहीत आहे का? इंजिन मी चालवतो. बंद राहिलं तर मीच बंद ठेवलं. सगळ्या गावासमोर ती रिकामा हंडा घेऊन उभी राहणार, लोक दात काढणार, आणि हे केलं कुणी, तर तिच्या नवऱ्याने."

मिस्त्री म्हणाला, "माझे डोळे गेलेत हे कळलं तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. घरी कोण आहे माझ्या? चार भिंती. तेवढं लक्षात ठेव आणि मग काय करायचं ते कर."

राख्याने राखेची पाटी उचलली आणि बाहेर नेऊन ओतली.

पहाटे तो आला तेव्हा त्याचं ठरलेलं होतं. आदल्या दिवशीची आग राखेखाली दाबून ठेवलेली होती. ती त्याने उकरली, वर बारीक कोळसा पसरला, दार अर्धं उघडं ठेवलं. काटा हलेना. उजाडलं. पाखरं ओरडायला लागली. काटा दहावर, मग पंधरावर. एरवी त्याने कधी घाई केली नव्हती. आज घाई केली आणि घोळ झाला. वाफ पुरती भरायच्या आत त्याने झडप उघडली. चाक अर्धा फेरा फिरलं, कचकन थांबलं आणि पिस्टनच्या दांड्यापाशी फुसफुस करत वाफ बाहेर यायला लागली.

"मूर्खा, बंद कर ती झडप!"

मिस्त्री दारात उभा होता. सदरा उलटा घातलेला, एका पायात वहाण नव्हती. घरापासून इथपर्यंत एकटाच, भिंती आणि कुंपणं चाचपत आला होता.

"मिस्त्री, तुम्ही मला अडवायला आला असाल तर..."

"झडप बंद कर म्हणतोय ना! पाणी साचलंय सिलिंडरमध्ये. आधी खालच्या दोन्ही तोट्या उघड. उघडल्यास? आता वाफ सोड, थेंबाथेंबाने. थेंबाथेंबाने म्हटलं, लग्नाची घाई आहे का तुला? दांड्यावरची पॅकिंग सुटलीय, आवळ. अर्धा आटा. बस्स."

त्याचं तोंड चालू होतं आणि राख्याचे हात. मिस्त्रीने उपरणं काढून फेकलं. आंधळ्या माणसाने फावडं उचललं आणि अंदाजाने भट्टीत कोळसा लोटायला लागला. निम्मा बाहेर सांडत होता. काटा तिसावर गेला. चाळीस. चाकाने एक फेरा घेतला, दमल्यासारखं जरा थांबलं, मग दुसरा घेतला, तिसरा, आणि मग सगळी जमीन ओळखीच्या तालात हादरायला लागली.

"किती वाजले?" मिस्त्रीने ओरडून विचारलं.

"उन्हावरून आठ झाले असतील."

"मग टाकी भरत बसू नकोस. चौकापुरतं पाणी चढलं की झालं. काटा साठाला ने!"

"साठाला कधी नेला नाही आपण!"

"तू नसशील नेला. मी तरुणपणी सत्तरला नेलाय!"

तो घामाने निथळत होता, तोंड काळं झालं होतं, आणि तो हसत होता. राख्याने त्याला असं हसताना पाहिलंच नव्हतं.

नऊ वाजून गेले असतील. गावाच्या बाजूने आधी गलका आला, मग एकदम शांतता. पाणी पोचलं नसेल. कुठेतरी नळात हवा अडकली असेल. हात झडपेवर, कान गावाकडे, असा तो उभा राहिला.

आणि मग आवाज उठला. शेकडो गळ्यांचा. आनंदाचा की भांडणाचा, तेही कळेना. थांबला, पुन्हा उठला, जवळ यायला लागला.

सगळ्यांच्या पुढे बायको. डोक्यापासून पायापर्यंत चिंब भिजलेली, काखेत हंडा, आणि धावताना हंड्यातलं पाणी डुचमळून अंगावर सांडत होतं तरी ती थांबत नव्हती.

"भरला! अहो, भरला!" ती दारातूनच ओरडली. "मास्तर भाषण करत होते. मी म्हटलं, मास्तर, भाषण मागून करा, आधी हंडा. तोटी फिरवली तर नुसती हवा. फुस्स! ते वरच्या आळीचे सगळे खो खो हसले. मला वाटलं आता धरणी पोटात घेईल तर बरं. मग नळ खोकला. दोनदा खोकला म्हाताऱ्यासारखा, आणि जे धो धो सुटलं! सगळं तोंडावर आलं माझ्या. एकाने दगड मारला, तो मास्तरांच्या खांद्याला लागला, तर ते म्हणतात, माझं राहू दे, तू भर! तुमच्या आईनेही भरला. त्या तर तोटी सोडीचनात!"

तिने हंडा खाली ठेवला. दोघंही त्यातल्या पाण्याकडे बघत राहिले, नवं काही असावं तसे.

पण तिच्या मागोमाग सगळं गाव येत होतं. वस्तीतले लोक होते, आळीतले होते, दुकानं टाकून आलेले दुकानदार होते, खांद्याला फडकं बांधलेले मास्तर होते. आणि त्या गर्दीच्या पुढे अध्यक्ष, सोबत फौजदार. आज अध्यक्षांनी हुकूम कागदावर लिहून आणला होता.

"मिस्त्री! काल मी काय सांगितलं होतं?"

मिस्त्री स्टुलावर बसला होता.

"लेखी पाहिजे होतं का तुम्हाला? घ्या. वाचा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू दे."

कागद मिस्त्रीच्या पुढे धरला गेला. त्याने हात पुढे केला, तो कागदाच्या वीतभर बाजूला. चाचपून कागद घेतला आणि डोळ्यांसमोर धरला. कागद उलटा होता.

पुढे उभे असलेले लोक बघत होते. कुणी हसलं नाही. फौजदाराने वाकून मिस्त्रीच्या डोळ्यांत पाहिलं, त्याच्या नाकासमोर हात हलवला आणि मागे वळून म्हणाला, "साहेब, या माणसाला दिसत नाही."

"दिसत नाही?" अध्यक्ष गोंधळले. "मग इंजिन कोण चालवतं?"

आता गप्प बसणं सोपं होतं. राख काढणाऱ्याला कुणी काही विचारलं नव्हतं. राख्याने बायकोकडे पाहिलं नाही, मास्तरांकडे पाहिलं नाही. फावडं भिंतीला टेकवलं आणि पुढे आला.

"मी."

"आज?"

"आज मी आणि मिस्त्री. एरवी मी एकटाच."

"एरवी म्हणजे? कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

इंजिन चालूच होतं. त्याची धडधड तेवढी ऐकू येत होती. गर्दीच्या मधोमध उभ्या असलेल्या किराणा दुकानदाराने बोटांवर मोजत, स्वतःशी बोलल्यासारखं म्हटलं, "म्हणजे चार वर्षं आम्ही..."

"प्यालात!" बायको म्हणाली. "यांच्याच हातचं प्यालात. आणि चांगले धष्टपुष्ट आहात सगळे."

कुणीतरी हसू दाबलं. ते दाबलं गेलं नाही. मागून एक आवाज आला, "अरे, याने तर सगळ्या गावाला पाणी पाजलं!" आणि मग हसण्याची लाटच उठली. वस्तीतले तर हसलेच, आळीतलेही हसले. हसता हसता त्यांच्यातल्या काहींच्या ध्यानात आलं की आपण कशाला हसतोय, आणि त्यांचे चेहरे लांबले. एक म्हातारे गृहस्थ काठी आपटत म्हणाले, टाकी धुऊन काढा, नळ धुऊन काढा. तेव्हा मास्तरांनी अगदी नम्रपणे विचारलं, "आजोबा, टाकी धुता येईल. चार वर्षांचं पोटात गेलंय ते कसं धुवायचं?"

अध्यक्षांनी इंजिन बंद करायला लावलं. ते बंद कसं करायचं हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तेही राख्यालाच करावं लागलं. मग दाराला कुलूप लागलं आणि दोघांनाही कामावरून काढलं.

दोन दिवस गाव कोरडं होतं. वरच्या आळीतल्या बायका घागरी घेऊन नदीवर जायला लागल्या. काहींनी जुन्या विहिरी उपसल्या, त्यांतून बेडूक निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी अध्यक्ष स्वतः वस्तीच्या तोंडापाशी आले आणि राख्याला बोलावून घेतलं. उन्हाने त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"झालं गेलं विसरू," ते म्हणाले. "ये कामावर. राख काढणारा म्हणून ये, इंजिन तूच चालव. पूर्वीसारखं."

"पूर्वी कुणाला माहीत नव्हतं, साहेब."

"मग?"

"आता माहीत आहे. तेवढं कागदावर लिहा."

"काय लिहायचं?"

"इंजिनवाला. आणि नळ सगळ्यांना मोकळा."

अध्यक्षांनी टोपी काढून कपाळ पुसलं. तो माणूस दुष्ट नव्हता. त्यांना खरंच वाईट वाटत असावं. "आत्ता नाही रे होणार हे. लोक ऐकणार नाहीत माझं. आधी स्वराज्य येऊ दे, मग बघू आपण."

"बरं," राख्या म्हणाला. "मग स्वराज्य येईपर्यंत विहिरीचं प्या."

हे आपण बोललो यावर त्याचा स्वतःचाही विश्वास बसेना. घरी येऊन त्याने आईला सांगितलं तेव्हा म्हातारीने त्याला पुन्हा पुन्हा तेच वाक्य बोलायला लावलं आणि शेजारणींना बोलावून ऐकवलं.

पुढचं सांगायचं तर, राख्याला ते इंजिन परत मिळालं नाही. लांबून एक नवा माणूस आणला गेला आणि स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत गावाचं सगळं पुन्हा त्या पाण्यावर सुरू झालं. नळासाठी मात्र वस्तीला आणखी सात महिने झगडावं लागलं. त्यात दोनदा डोकी फुटली, मास्तर तिसऱ्यांदा तुरुंगात गेले, राख्याची बायकोही आठ दिवस आत जाऊन आली. पण तोटीवर पडलेला हात मागे गेला नाही. सात महिन्यांनी नगरपालिकेने एक मोघम ठराव केला. त्यात कुणाचंच नाव नव्हतं.

हे सगळं नंतरचं. तिसऱ्या दिवशी सकाळी फौजदार दोन शिपाई घेऊन आला आणि त्याने राख्याला पकडलं. हुकूम मोडला आणि सरकारी कोळसा विनापरवाना जाळला, असा आरोप होता. गल्लीच्या तोंडाशी मिस्त्रीही येताना दिसला, त्यालाही घरातून आणलं होतं. एक शिपाई त्याला काठीच्या टोकाने वाट दाखवत होता आणि मिस्त्री दर दहा पावलांना ठेचकाळत होता. बायको, आई, सगळी वस्ती बाहेर आली होती. कोणी रडत नव्हतं. कोणीतरी घोषणा दिली आणि बाकीच्यांनी ती उचलली.

"कोण, राख्या का?" मिस्त्रीने आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं.

"हो."

"हात दे."

राख्या घुटमळला. कामाच्या सबंध अकरा वर्षांत मिस्त्री त्याला कधी शिवला नव्हता. हत्यारही द्यायचं तर फरशीवर ठेवायचा आणि याने ते उचलायचं. आंधळा झाल्यावरही चार वर्षं भिंत चाचपत आला, पण खांदा मागितला नाही.

"सगळे बघतायत, मिस्त्री. तुमच्या आळीवरून जायचंय."

"मला कुठे दिसतायत? दे हात."

राख्याने हात पुढे केला. मिस्त्रीचा पंजा त्याच्या मनगटावर आला आणि घट्ट बसला. फौजदाराने ते पाहिलं आणि पुढे निघायची खूण केली. मंडळी चालायला लागली. वस्ती संपली, चौक आला, चौकापुढे आळी. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं उभी होती, खिडक्यांत बायका, गच्च्यांवर पोरं.

"खूप लोक आहेत का रे?" मिस्त्रीने विचारलं.

"खूप."

"काय करतायत?"

"काही नाही. बघतायत."

"आपल्याकडेच?"

"आपल्याकडेच."

मिस्त्रीने मान ताठ केली, मोकळ्या हाताने सदऱ्याची बटणं चाचपून नीट लावली.

"मग हळू चाल जरा," तो म्हणाला.